फ्युरी : लढाई अव्वल, पायपीट नकोशी

'फ्युरी' या व्हिडिओ गेममध्ये फक्त बॉस आहेत, म्हणजे एकेकटे भिडणारे मोठे शत्रू. वाटेत टपलेली किरकोळ फौज नाही, उघडायला पेटारे नाहीत, वेचायला नाणी नाहीत. लेव्हल वाढत नाही, नवं हत्यार मिळत नाही, कपडेसुद्धा बदलत नाहीत. सुरुवातीला हातात एक तलवार आणि एक बंदूक येते, शेवटी तीच असते. दहा लढाया आणि दोन लढायांच्या मधे चालणं, एवढाच हा खेळ. एवढ्यावर कुणी गेम काढतं का, असं वाटून मी तो बराच काळ विशलिस्टमध्ये कुजत ठेवला होता. आता माझं मत असं आहे की लढाईच्या बाबतीत याच्या इतका सरळ व्यवहाराचा गेम मी फार क्वचित खेळलेय, आणि लढाई सोडून बाकी जे काही यात आहे त्यातलं निम्मं काढून टाकलं तरी चालेल.

आधी थोडी माहिती. द गेम बेकर्स हा फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरातला छोटा स्टुडिओ. २०१० मध्ये सुरू झाला, सुरुवातीला मोबाइलसाठी 'स्क्विड्स' वगैरे गोंडस गेम करायचा. तिथून थेट हे! 'फ्युरी' जुलै २०१६ मध्ये पीसी आणि प्लेस्टेशन ४ वर आला. त्या महिन्यात प्लेस्टेशन प्लस घेणाऱ्यांना तो फुकट मिळाला होता, त्यामुळे पुष्कळ लोकांनी तो कसलीही कल्पना नसताना चालू केला आणि तोंडावर आपटले. त्याच वर्षाअखेरीस एक्सबॉक्सवर आणि २०१८ च्या सुरुवातीला स्विचवर आला. पात्रं रेखाटली आहेत जपानी चित्रकार ताकाशी ओकाझाकी यांनी. संगीत कार्पेंटर ब्रूट, डेंजर, वेव्हशेपर, लॉर्न वगैरे मंडळींचं, सिंथवेव्ह म्हणतात तसलं, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या वळणाचं इलेक्ट्रॉनिक.

मी कोण, तर दिवसभर कीबोर्ड बडवून मनगटं दुखवून घेतलेली आणि रात्री पुन्हा तीच मनगटं कंट्रोलरवर झिजवणारी बाई. चाळिशी उलटली आहे. रिफ्लेक्स विशीतले राहिले नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून 'हा गेम फार अवघड आहे' असं लोकांनी लिहिलेलं वाचून मी आधी घाबरले होते. शेजारी बसून फुकटचे सल्ले द्यायला भाचा असतो. तो स्वतः हा गेम खेळत नाही, कारण त्याच्या मते यात 'काही मिळतच नाही'. त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. माझी आवडही तिथूनच सुरू होते.

गोष्ट अशी : पांढऱ्या केसांचा एक मुका माणूस आकाशात तरंगणाऱ्या तुरुंगात साखळदंडांनी बांधलेला आहे. पहिला जेलर, द चेन, त्याचे हाल हाल करतो. सशाचा मुखवटा घातलेला एक इसम येऊन त्याला सोडवतो आणि म्हणतो, जेलरला मार, सुटशील. एका जेलरनंतर दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा. आपण कोण, का डांबलं होतं, हे शेवटापर्यंत सरळ कुणी सांगत नाही.

लढाईची रचना मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण गेमचा सगळा जीव तिच्यात आहे. प्रत्येक बॉसचे पाच-सहा टप्पे असतात. टप्प्याच्या पूर्वार्धात मैदान मोकळं असतं : कंट्रोलरच्या डाव्या काडीने पळायचं, उजव्या काडीने नेम धरायचा, गोळ्या चुकवत गोळ्या मारायच्या, संधी साधून जवळ जायचं. बॉसची हेल्थची एक पट्टी संपली की कॅमेरा खाली येतो, दोघांभोवती एक वर्तुळ आखलं जातं आणि बंदूक बंद. आता फक्त तलवार. त्याचा वार अडवायचा, उलटा घाव घालायचा. इथे त्याला लोळवलं की पुढचा टप्पा.

तुमच्याकडे तीन लाइफ. एक गेली की बॉसची त्या टप्प्यातली हेल्थ परत भरते, म्हणजे तो टप्पा पहिल्यापासून. पण टप्पा जिंकलात की तुमची हेल्थ पूर्ण भरते आणि गेलेली एक लाइफ परत मिळते. हा हिशोब कागदावर साधा वाटतो, प्रत्यक्षात त्याने सगळ्या लढाईचा रंग बदलतो. शेवटच्या लाइफवर, हेल्थची जेमतेम एक चिमूट उरलेली असताना टप्पा निघाला की अचानक तुम्ही पुन्हा ताठ उभे. मी हरायला आले होते हे बॉसला कळायच्या आत मी नव्याने लढतेय. अशी परत मिळालेली लाइफ इतर गेममधल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मोलाची वाटते, कारण ती कुठे ठेवलेली सापडली नाही, कमावली.

आणि हेल्थ बाटलीतून पिता येत नाही. वार अचूक अडवला की थोडी परत येते. काही गोळ्या आपल्या गोळीने फोडल्या की हिरवे ठिपके सुटतात, ते गोळा केले की थोडी येते. म्हणजे घाबरून कोपऱ्यात पळत राहिलात तर बरं होण्याची सोयच नाही. जखम भरायची असेल तर परत त्याच्याच अंगावर जावं लागतं. घाबरणाऱ्याला पुढे ढकलायची ही युक्ती मला फार आवडली. ओरडून नाही, समजावून नाही, फक्त औषध शत्रूच्या हातात ठेवून.

आता पॅरी. वार अडवायच्या बटणाला खेळणारे सगळे पॅरीच म्हणतात, मीही तेच म्हणते. बॉस वार करण्याआधी चमक दिसते आणि एक आवाज येतो. सुरुवातीला मी चमकेकडे बघून बटण दाबायचे आणि दर वेळी कणभर उशीर व्हायचा. मग हेडफोन लावले. फरक लगेच कळला : डोळ्यांना गोळ्या, रंग, उडणारे तुकडे असा पसारा दिसत असतो, कानाला मात्र तो आवाज स्वच्छ वेगळा येतो. त्यानंतर मी जवळच्या लढाईत बॉसच्या हाताकडे बघणंच सोडलं. पॅरीला वेळ बऱ्यापैकी सैल दिला आहे, हेही सांगायला हवं. या गेमच्या नावाची जेवढी दहशत आहे तेवढी ती वेळेची फट अरुंद नाही. पण बटण बडवत सुटून भागत नाही. दोन वार, थांबा, एक वार. मग तीन वार आणि चौथा मुद्दाम लांबवलेला. प्रत्येक जेलरची चाल वेगळी. ती पाठ झाली की शरीर आपोआप करतं आणि डोकं मोकळं होतं, आणि हे मोकळं झालेलं डोकं घेऊन लढण्याची मजा शब्दांत सांगणं अवघड आहे.

ही मजा सगळ्यात शुद्ध मिळते द एजशी लढताना. समुद्राकाठी वल्हं घेऊन उभा असलेला योद्धा. आयुष्यभर त्याने एकच तयारी केली आहे, ती म्हणजे तुमच्याशी लढायची. त्याच्यापुढे बंदूक जवळपास निरुपयोगी ठरते. सगळी लढाई हातातल्या तलवारीची. तो वल्हं उचलतो, धरून ठेवतो, ठेवतो, आणि तुमचा अंगठा उतावळा होऊन बटणावर पडला की मग आणतो खाली. चिडचिड होते! पण चिडचिड स्वतःवरच, गेमवर नाही. त्याने फसवलं नाही, आपणच थांबलो नाही. पुढच्या खेपेला तो तसाच हात वर धरतो, आपण अंगठा बटणाला न लावता नुसता वर ठेवतो, आवाज येतो, आणि ठण्! मग त्याचा तोल जातो, तलवार ताणून धरायची आणि एकच मोठा घाव. या लढाईत मी हरत असतानाही खुशीत होते, हे भाच्याला आजतागायत पटलेलं नाही.

तर इतकं गोमटं चाललेलं असताना डॅश मधे येतो.

डॅश म्हणजे एका झटक्यात बाजूला सरकणं. डॅश चालू असताना गोळी लागत नाही, म्हणजे तो चुकवण्याचा मुख्य मार्ग. बटण धरून ठेवलं तर लांबचा डॅश मिळतो. आता बटण धरायचं की नुसतं टिचकी मारायची हे गेमला कसं कळणार? तर त्यांनी असं केलं की डॅश होतो बटण सोडल्यावर. दाबल्यावर नाही. हे वाचायला क्षुल्लक वाटेल. पण आयुष्यभर 'दाबलं की होतं' या सवयीने तयार झालेल्या बोटांना हा फार विचित्र धक्का असतो. धोका दिसला की हात आवळला जातो, हा माणसाचा स्वभाव. इथे धोका दिसल्यावर हात सोडायचा आहे. शेजारून भाचा कोकलतोय, "अगं मावशी, सोड! सोड ना बटण!" आणि मावशीने भीतीने ते आणखी घट्ट धरलंय. पात्र जागच्या जागी, गोळ्यांची भिंत अंगावरून गेली, हेल्थ अर्धी.

सवय होते का? होते. पण पॅरी दाबल्याक्षणी लागतो आणि डॅश सोडल्याक्षणी, अशी दोन वेगळी वेळापत्रकं एकाच हातात सांभाळावी लागतात, आणि दमल्यावर ती एकमेकांत मिसळतात. लांब डॅशचा मला तरी मोठा उपयोग झाला नाही. क्वचित एखाद्या रुंद लाटेतून पार व्हायला तो लागतो, तेवढंच. त्या थोड्याशा सोयीपायी रोजच्या वापराची चाल त्यांनी अवजड करून ठेवली. ज्या गेमचा सगळा डोलारा हात आणि कान एका वेळी चालण्यावर उभा आहे, त्याने ही तडजोड करायला नको होती.

दुसरी खटकलेली गोष्ट म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तिन्ही लाइफ गेल्या की बॉस अगदी पहिल्या टप्प्यापासून. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. पण सहाव्या टप्प्यातली एकच चाल कळत नसेल तर ती बघायला आधीचे पाच टप्पे प्रत्येक वेळी निस्तरावे लागतात, आणि ते आता पाठ झालेले असतात. शिकणं एका मिनिटाचं, पोचणं दहा मिनिटांचं. त्यात बॉस मधेमधे बोलतात. पहिल्यांदा ऐकताना छान वाटतं, नंतर त्यांचं तेच तत्त्वज्ञान ऐकून कान किटतात. हरवलेला बॉस सरावासाठी पुन्हा निवडता येतो, पण ज्याला अजून हरवलं नाही त्याचा सराव हवा असतो हो!

पुष्कळ बॉसचा शेवटचा टप्पा तर निव्वळ गोळ्या चुकवण्याचा असतो. तो चवताळतो, पडदा भरून नक्षी सोडतो, आपण जिवंत राहायचं आणि अखेर एक घाव घालायचा. बुलेट हेल, म्हणजे पडदाभर गोळ्या चुकवायचे गेम, खेळणाऱ्यांना यात काही विशेष वाटणार नाही. मला मात्र दर वेळी असं वाटलं की तलवारबाजीची परीक्षा देत होते आणि शेवटचा पेपर दुसऱ्याच विषयाचा आला. शेवटच्या बॉसच्या, द स्टारच्या वेळी हे कळस गाठतं. कॅमेरा इतका वर जातो की आपलं पात्र म्हणजे एक ठिपका, आणि गुलाबी-निळ्या-नारिंगी ठिपक्यांच्या गर्दीत आपला ठिपका कोणता हे शोधण्यातच जीव जातो. गेम देखणा आहे यात वाद नाही. प्रत्येक जेलरचं जग वेगळ्या रंगाचं, स्क्रीनशॉट काढून भिंतीवर लावावेत असं. पण चश्मा लावणाऱ्या माणसाला भरपूर निऑन आणि छोटं पात्र ही जोडी जाचते. मोठ्या टीव्हीवर ठीक, स्विच हातात धरून खेळाल तर डोळ्यांची खैर नाही.

जेलरांमध्ये डावं-उजवं आहेच. द स्ट्रॅप ही वेडीपिशी, बांधून घातलेली बाई पहिल्या धड्यानंतर लगेच येते आणि लाटांतून डॅश करून पार कसं व्हायचं ते चांगलं घोटून घेते. द लाइन हा काळाबद्दल बोलणारा म्हातारा. त्याच्यापाशी पहिल्यांदा कळतं की घाईने इथे काहीच होणार नाही. द स्केल माझ्या लेखी सगळ्यात कच्चा, त्याच्या दलदलीचा मला कंटाळा आला. द हँड हा ढाल-तलवारवाला सरदार. याच्यापाशी अनेकांची गाडी अडते, माझीही अडली. तोवर थोडंफार रेटून चालतं, इथे पॅरी नीट आलाच पाहिजे. शिवाय त्याचा लहान मुलगा आहे. बापाला मारल्यावर मी कंट्रोलर खाली ठेवून जरा वेळ गप्प बसले होते, कारण तोवर गेमने 'जेलर म्हणजे वाईट' हे माझ्याकडून न बोलता कबूल करून घेतलं होतं आणि इथे ते काढून घेतलं.

द साँग लढायच्या आधी म्हणते, इथेच राहा, पुढे जाऊ नकोस. मी हे नेहमीचं बॉसचं बोलणं समजून पुढे सरकले. पण थांबायची मुभा खरोखरच आहे. तिचं ऐकून थांबलात तर गोष्ट तिथेच संपू शकते. मोठमोठे गेम निवडीच्या नावाखाली संवादांच्या याद्या समोर ठेवतात. इथे निवड आहे ती एवढीच, की तलवार उपसायची की नाही.

द बर्स्टबद्दल मात्र माझी तक्रार आहे. लपून नेम धरणारी ही बाई अदृश्य होते आणि तिला शोधत फिरावं लागतं. कल्पना वेगळी आहे, म्हणून कौतुक. पण शोधाशोध लढाईची लय मोडते आणि ती कुठे आहे हे सापडण्यात कौशल्यापेक्षा वणवण जास्त आहे. आणि शेवटून दुसरी, द बीट, तिला तर लढायचंच नसतं. पोरसवदा मुलगी, घाबरून मागे सरकते, यंत्रं तुमच्यावर सोडते. हातातली कौशल्यं इतकी तल्लख झालेली असताना समोर हे असं माणूस आणून उभं करायचं, हे फार हुशारीचं आहे आणि फार निर्दयही. गेमप्ले म्हणून ती लढाई साधारण आहे. मला ती लढाई म्हणून आठवत नाही.

आता पायपीट. एक जेलर मेला की पुढच्यापर्यंत चालत जायचं. चालायचं म्हणजे अक्षरशः पावलं टाकत, पळता येत नाही. कॅमेरा ठरलेल्या कोनात असतो आणि कोन बदलला की काडीची दिशाही बदलते, त्यामुळे पात्र भिंतीला घासत, अडखळत जातं. हे त्यांनाही कळलं असावं, कारण एक बटण दाबलं की तो आपला आपण चालतो. मी तेच दाबून चहा करायला उठते. सशाचा मुखवटावाला इसम सोबत चालत पुढच्या जेलरबद्दल बोलत राहतो, कोड्यात, लांबण लावून. ऐकणारा मुका, त्यामुळे हा एकटाच.

या चालण्याच्या बाजूने बोलणारे लोक आहेत आणि त्यांचा मुद्दा मला कळतो. लढाईनंतर हात थरथरत असतात, श्वास बसायला वेळ हवा. पुढच्या जेलरचं जग आधी लांबून दिसतं, संगीत हळूहळू चढत जातं, आणि फाटकातून आत शिरताना अंगावर काटा येतो. हे सगळं खरं आहे. संगीताबद्दल तर बोलायलाच नको. ते लढाईच्या टप्प्यांबरोबर बदलतं, टप्पा चढला की ठेका चढतो, त्यामुळे हरून परत सुरुवातीला आलं की तो मंद ठेका ऐकूनच 'गेलं पाणी पुन्हा तळाला' असं होतं. पण श्वास बसायला एक मिनिट पुरतं. यांनी काही ठिकाणी तीन-चार मिनिटं घेतली आहेत आणि वाटेत बघण्यासारखं सगळं आधीच बघून झालेलं असतं. दुसऱ्यांदा खेळताना तर हे चालणं म्हणजे निव्वळ शिक्षा.

काठिण्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण माझ्या वयाची माणसं तिथेच अडतात. सुरुवातीला दोन पर्याय मिळतात : 'प्रॉमनाड' म्हणजे सोपा आणि 'फ्युरी' म्हणजे नेहमीचा. पूर्ण केल्यावर 'फ्युरिअर' उघडतो. प्रॉमनाडमध्ये लढाया छोट्या आणि सौम्य केल्या आहेत, आणि त्यात पुढचं काही उघडत नाही, ट्रॉफ्याही मिळत नाहीत. मला ट्रॉफ्यांशी घेणंदेणं नाही. माझं भांडण वेगळं आहे. सोप्या पर्यायाने माणसाला शिकवायला हवं. हा शिकवत नाही, लढाईतला गाभाच काढून टाकतो. चाली इतक्या ओसरतात की पॅरी न शिकताही निभावतं. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी हा गेम खेळायचा ती गोष्टच हाताला लागत नाही, आणि उरते ती पायपीट आणि ससोबाची बडबड! प्रॉमनाड खेळून 'ठीकठाक आहे' म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही, त्यांना खरंच ठीकठाकच मिळालं.

पुढे काही वर्षांनी आलेल्या एका मोफत अपडेटने हे बरंच सुधारलं. आता सेटिंगमध्ये जाऊन पॅरी आपोआप होईल असं करता येतं, मार लागणारच नाही असंही करता येतं. ज्यांची बोटं साथ देत नाहीत, ज्यांना नुसती गोष्ट आणि संगीत हवं आहे, त्यांनी लाजू नये, चालू करावं. आणि मला विचाराल तर अगदी कट्टर खेळाडूंनीही एखादी चाल बघून घेण्यापुरता हा उपयोग करावा. सहाव्या टप्प्यापर्यंतच्या रखडपट्टीबद्दल मी वर रडले, त्यावर हा उतारा आहे.

फ्युरिअर मात्र अफलातून आहे. तिथे नुसते आकडे फुगवलेले नाहीत. चालीच बदलल्या आहेत, ओळखीचा वार अनोळखी वेळेला येतो. पाठ केलेलं सगळं विसरून ऐकावं लागतं. मी त्यात सगळे जेलर पार केलेले नाहीत आणि करेनच असं नाही. द हँड तिथेही आडवा उभा आहे.

गोष्टीचा शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की तुरुंगाबाहेर पडल्यावर गेम तुम्हाला पुन्हा चालायला लावतो, आणि अख्ख्या गेममधली तेवढी एकच पायपीट मला हवी होती. पायाखाली बघत चाला. त्याआधी मी या माणसाला बिचारा समजत होते. त्याला मुका का ठेवला आणि सगळे जेलर जीव तोडून का लढत होते, याचं उत्तर कुणी बोलून दाखवत नाही, जमिनीवर दिसतं. इतकं न बोलता सांगता येत होतं तर ससोबाला एवढं का बोलायला लावलं, हे मला कळलेलं नाही.

मुख्य गेमवर दोन वाढीव गोष्टी आहेत. 'वन मोअर फाइट' मध्ये द फ्लेम हा एक जास्तीचा बॉस मिळतो, तो फार कठीण आहे आणि मुख्य गेम हातात बसल्याशिवाय तिकडे बघूही नये. २०२२ मध्ये 'ओन्नामुशा' आली, प्लेस्टेशन ५ च्या आवृत्तीबरोबर. त्यात वेगळी लढवय्यी घेऊन त्याच जेलरांशी भिडायचं. तिची चाल वेगळी असल्यामुळे जुन्या लढाया नव्या वाटतात. मुख्य गेम आवडला असेल तरच घ्या. नसेल आवडला तर यात मत बदलण्यासारखं काही नाही.

घ्यावा का? ज्यांना गेममध्ये काहीतरी साठत जाताना बघायला आवडतं, पातळी, हत्यारं, घर, शेती, त्यांनी घेऊ नये. भाच्यासारखे लोक दुसऱ्याच जेलरपाशी विचारतील की मला काय मिळालं. ज्यांना एखादी चाल हाताला कळेपर्यंत घासायला आवडतं त्यांनी डोळे मिटून घ्यावा. सुरुवात प्रॉमनाडने करू नका, नेहमीच्या पातळीवरच करा. कीबोर्ड-माउसवर खेळता येतो, पण कंट्रोलर असेल तर तोच धरा. हेडफोन हवेतच. पहिल्या लढाईत द चेन तुम्हाला बटणं शिकवत असतो, तेव्हा जिंकायची घाई न करता तिथेच डॅशचा सराव करून घ्या : दाबा, आणि सोडल्यावर तो कधी हलतो ते नीट बघा. द हँडपाशी अडलात तर त्या दिवशी बंद करा. दमलेल्या हाताला पॅरी लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच टप्पा कसा निघून जातो हे बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल.